देणे मी लागतो

जर्मन भाषेत 'शुल्ड' असा एक शब्द आहे. न्यायाधीशाच्या तोंडी त्याचा अर्थ अपराध असा होतो. बँकेत त्याचेच अनेकवचन, 'शुल्डन', वापरले की अर्थ होतो कर्ज. चर्चमधल्या नेहमीच्या प्रार्थनेत देवाकडे जिची क्षमा मागितली जाते ती शुल्ड, आणि घरात दूध उतू गेले की भावंडे एकमेकांवर जी ढकलतात तीही शुल्डच. 'करायला हवे' असे सांगणारे 'झोलेन' हे क्रियापदही याच जुन्या मुळातले. नीत्शेने 1887 साली नीतीच्या वंशावळीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला दुसरा निबंध त्याने या दुहेरी अर्थापासूनच उभा केला. अपराधाची जी खोल भावना आपण माणसाच्या आत्म्याची खूण समजतो, तिचा उगम सावकार आणि ऋणको यांच्या व्यवहारी नात्यात आहे, असे त्याचे म्हणणे.

जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द लवकरच भेटतो आणि शब्दकोशातले दोन्ही अर्थ पाठ करून तो पुढे जातो. मीही पुढे गेलो. तौलनिक साहित्य शिकलो, अनुवादाच्या कामाला लागलो. काही काळापासून कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाच्या एका लहानशा पुस्तकातला काही भाग मराठीत आणण्याचा प्रयत्न करतो आहे. पुस्तकाचे नाव 'डी शुल्डफ्रागे', म्हणजे शुल्डचा प्रश्न. अनुवाद शीर्षकापाशीच अडतो. 'अपराधाचा प्रश्न' म्हणावे तर कर्ज गळते. 'ऋणाचा प्रश्न' म्हणावे तर अपराध गळतो, आणि शिवाय सत्कार समारंभाचा वास येतो. ही अडचण नुसत्या शब्दाची असती तर तळटीप देऊन भागले असते. पण या शब्दाच्या आत एक नैतिक प्रश्न बसलेला आहे, आणि तो जर्मनांपुरता नाही. जे आपण केले नाही, पण आपल्या माणसांनी केले, त्याचे आपल्याला काय लागते?

यास्पर्स हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांची पत्नी गेर्ट्रूड ज्यू होती. 1937 मध्ये त्यांना अध्यापनातून दूर करण्यात आले, पुढच्या वर्षी लेखन प्रसिद्ध करण्यावर बंदी आली. दोघे शहरातच राहिले. 1945 च्या एप्रिलच्या मध्यावर त्यांना उचलून नेण्याचे ठरले होते. त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी अमेरिकन सैन्य हायडेलबर्गमध्ये पोचले आणि ते वाचले. त्याच वर्षीच्या हिवाळी सत्रात त्यांनी विद्यार्थ्यांपुढे जी व्याख्याने दिली, त्यांतून 1946 मध्ये हे पुस्तक झाले. जर्मनांविषयी बोलताना 'ते' म्हणण्याचा अधिकार त्या काळात ज्या थोड्या जर्मनांना होता, त्यांत यास्पर्स होते. पुस्तकात मात्र ते 'आपण' म्हणतात.

त्यांनी शुल्डचे चार प्रकार केले. पहिली फौजदारी: कायद्याने सिद्ध होणारे कृत्य, तिचा निवाडा न्यायालयात होतो. दुसरी राजकीय: राज्याने केलेल्या कृत्यांचा भार, जो त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकावर येतो, त्याने मत कोणालाही दिलेले असो, युद्धानंतर तिचे मोजमाप जेत्याच्या हाती असते. तिसरी नैतिक: मी गप्प बसलो, नजर वळवली, सोयीचे तेवढे मानले, तिचा निवाडा ज्याच्या त्याच्या मनापुढे आणि फार तर जिवलगांशी बोलताना होतो. चौथीला ते आधिभौतिकाच्या पलीकडची म्हणतात: शेजारचा माणूस मारला गेला आणि मी जिवंत राहिलो, एवढ्यानेच माणूसपणाच्या नात्यात जे काही तुटते ते, तिचा न्याय फक्त देवाजवळ.

या विभागणीचा हेतू सबबी पुरवण्याचा नव्हता. सगळे एकाच गाठोड्यात बांधले की काय होते, ते यास्पर्स पाहत होते. बाहेरचे जग म्हणत होते, सगळे जर्मन गुन्हेगार; आतले लोक उत्तर देत होते, मी कोणाला मारले नाही. दोघेही एकच शब्द वापरत होते, त्यामुळे संवाद पहिल्या वाक्यातच संपत होता. यास्पर्स यांनी दोघांनाही अडवले. संपूर्ण समाज गुन्हेगार असू शकत नाही, कारण गुन्हा आणि नैतिक दोष ही एकेकट्या माणसाची गोष्ट आहे. पण राजकीय भारातून सुटका कोणाचीच नाही. 'मला राजकारणात रस नव्हता' म्हणणाऱ्या कवीचीही नाही. त्यांची विद्यार्थिनी हाना आरेन्ट हिने पुढे हा भेद आणखी कडक केला. सगळेच अपराधी असतील तर कोणीच अपराधी नाही, म्हणून अपराध आणि जबाबदारी यांची गल्लत करू नये, असे तिचे मत होते.

मराठीत पहिल्या प्रकारासाठी 'गुन्हा' आहे, तिसऱ्यासाठी 'दोष', आणि चौथ्यासाठी, थोडी ओढाताण करून, 'पाप'. अडते ते दुसऱ्यापाशी. यास्पर्स स्वतः तिथे आणखी एक शब्द जोडीला घेतात: 'हाफ्टुंग', म्हणजे कायद्याच्या भाषेत दायित्व. तो 'हाफ्टेन' या क्रियापदावरून येतो, आणि 'हाफ्टेन' म्हणजे चिकटणे. रंग भिंतीला चिकटतो, चिखल बुटाला चिकटतो, तसे हे माणसाला चिकटते. त्याने ते केलेले नसते. तरी ते त्याच्या अंगावर असते.

पण का चिकटावे? युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्या मुलाने हा प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा नाही. कोणाही न्यायी माणसाने तो विचारावा. बापाच्या कृत्याबद्दल मुलाला शिक्षा करणे ही रानटी रीत आहे. नात्सींनी स्वतःच ती वापरली होती, हिटलरवरच्या 1944 च्या हल्ल्यानंतर कटवाल्यांच्या नातेवाइकांना त्यांनी तुरुंगात टाकले. तेव्हा 'मी तेव्हा जन्मलोही नव्हतो' हे वाक्य खरे आहे. प्रश्न एवढाच, की ते कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

इथे मला जर्मन दिवाणी संहिता उपयोगी वाटते. ती 1 जानेवारी 1900 पासून लागू आहे आणि वारशाविषयी तिचे म्हणणे कोरडे, स्पष्ट आहे. माणूस मेला की त्याची मालमत्ता एकसंध वारसाकडे जाते, आणि तिच्यासोबत त्याची देणीही. वारसाला नकार देण्याची मुभा आहे, त्यासाठी साधारणपणे सहा आठवडे मिळतात. पण अर्धा वारसा घेता येत नाही. घर घेतो, गहाणखत नको, असे म्हणता येत नाही. त्याच वेळी कायदा वारसाला अपराधी ठरवत नाही, आणि योग्य मार्गाने गेले तर ही देणी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित ठेवता येतात. जे मिळाले त्यातून द्यायचे. कोणीही त्याला विचारत नाही की कर्ज काढताना तू कुठे होतास.

राष्ट्राचा वारसा म्हणजे घरजमीन नव्हे, हे खरे. पण फरक वारसाच्या सोयीचा नाही. घराचा वारसा नाकारता येतो. भाषेचा कसा नाकारणार? मूल बोलू लागते तेव्हाच वारसा स्वीकारलेला असतो, सहा आठवडे केव्हाच उलटून गेलेले असतात.

अर्धा वारसा घेण्याची इच्छा किती जुनी आणि किती सुसंस्कृत असू शकते, हे वायमारमध्ये दिसते. तुरिंगिया प्रांतातले हे लहानसे शहर. गटे 1775 मध्ये इथे आला आणि 1832 मध्ये इथेच वारला. शिलरची शेवटची वर्षे इथलीच. बाउहाउस ही कलाशाळा 1919 मध्ये इथे सुरू झाली, त्याच वर्षी जर्मन प्रजासत्ताकाची घटना इथल्या नाट्यगृहात मंजूर झाली. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर एटर्सबेर्ग नावाची टेकडी आहे. तिच्यावर 1937 च्या जुलैत छळछावणी उभी राहिली. आधी तिला टेकडीचेच नाव देण्यात आले होते. त्याला वायमारच्या नात्सी सांस्कृतिक संघटनेने हरकत घेतली: एटर्सबेर्ग हे नाव गटेच्या आयुष्याशी जोडलेले आहे, ते छावणीला नको. हरकत मान्य झाली आणि एक नवे नाव बनवण्यात आले, बूखेनवाल्ड, म्हणजे बीचवृक्षांचे रान.

या प्रसंगावर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. हरकत घेणाऱ्यांनी गटे वाचलेला होता. त्यांना छावणीची अडचण वाटली नाही, नावाची वाटली. जमेची बाजू स्वच्छ राहावी म्हणून त्यांनी खर्चाच्या बाजूला वेगळे नाव दिले. छावणीच्या फाटकावर आतून वाचता येतील अशी अक्षरे बसवली होती: 'येडेम दास झायने', ज्याचे त्याला. न्याय म्हणजे ज्याचे जे असेल ते त्याला देणे, या रोमन कायद्यातल्या जुन्या सूत्राचे हे जर्मन रूप. ती अक्षरे रेखली फ्रान्झ एर्लिख या कैद्याने, जो बाउहाउसचा विद्यार्थी होता. म्हणजे फाटकावर रोमचा न्याय होता, वायमारची कला होती, आणि आत सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसे एकामागून एक कोंडली गेली, त्यांतली सुमारे 56,000 मेली. 16 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन सैन्याने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना टेकडीवर चालत नेले आणि छावणी दाखवली.

वायमार आणि बूखेनवाल्ड यांच्या शेजारावरून साहित्याने माणूस सुधारतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे: आपोआप नाही. मला त्यापुढचा प्रश्न अधिक टोचतो. साहित्य ही जमेची बाजू आहे आणि छावणी ही दुसऱ्याच कोणाची गोष्ट, असे म्हणता येते का? टोमास मान 1933 पासून देशाबाहेर होते, 1944 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते. वारसा नाकारण्याचा हक्क असलाच तर त्यांना होता. युद्ध संपताच, 1945 च्या मे महिन्यात, वॉशिंग्टनमधल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की चांगला आणि वाईट असे दोन जर्मनी नाहीत, एकच आहे. जे आपले सर्वात चांगले होते त्याचेच हे बिघडलेले रूप, आणि त्याबद्दल परक्यासारखे बोलता येणार नाही.

मग हे देणे फेडायचे कसे? 10 सप्टेंबर 1952 रोजी लक्झेंबर्ग येथे पश्चिम जर्मनीने इस्रायलशी करार केला: तीनशे कोटी मार्क इस्रायलला, पंचेचाळीस कोटी ज्यू संघटनांच्या प्रतिनिधी मंडळाला. जर्मनांनी या सगळ्याला नाव दिले 'व्हीडरगुटमाखुंग', शब्दशः पुन्हा चांगले करणे. हे नाव घेणाऱ्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. मेलेल्यांचे पुन्हा चांगले काय करणार? इस्रायलमध्ये या पैशाविरुद्ध मोठी निदर्शने झाली, आणि तिथे शब्द रूढ झाला 'शिलुमीम', म्हणजे नुसत्या चुकत्या केलेल्या रकमा. क्षमा त्यात नाही. पूर्व जर्मनीने तर वारसाच नाकारला: आम्ही फॅसिझमविरुद्ध लढलेल्यांचे राज्य, आमचा त्याच्याशी संबंध नाही. घरे, कारखाने, गटे आणि शिलर मात्र ठेवून घेतले. तिथल्या पहिल्या मुक्तपणे निवडलेल्या संसदेने ही जबाबदारी मान्य केली ती 1990 च्या एप्रिलमध्ये, ते राज्य संपण्याच्या काही महिने आधी. आणि नात्सी काळात वेठीने राबवलेल्या कामगारांसाठी सरकार आणि उद्योगांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला तो 2000 साली. 2007 पर्यंत सोळा लाखांहून अधिक माणसांना त्यातून पैसे मिळाले. तोवर किती जण घेण्यासाठी उरले नव्हते, याचा हिशेब कुठल्याही निधीत बसत नाही.

पैशाखेरीज आणखी दोन प्रसंग मला इथे महत्त्वाचे वाटतात. 7 डिसेंबर 1970 रोजी वॉर्सॉमध्ये, ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकापुढे, चॅन्सेलर व्हिली ब्रान्ट गुडघ्यांवर बसले. ते 1933 मध्येच नॉर्वेला पळाले होते. फौजदारी नाही की नैतिक नाही, कुठलाच दोष त्यांच्याकडे जात नव्हता. त्यानंतर एका साप्ताहिकाने केलेल्या चाचणीत 48 टक्के पश्चिम जर्मनांना ते अति वाटले, 41 टक्क्यांना योग्य. दुसरा प्रसंग 8 मे 1985 चा. राष्ट्राध्यक्ष रिखार्ड फॉन व्हाइत्सेकर यांनी संसदेत सांगितले की पराभवाचा हा दिवस जर्मनांच्याही मुक्ततेचा दिवस होता. आणि जे तेव्हा लहान होते किंवा जन्मलेच नव्हते त्यांनी न केलेल्या कृत्यांचा अपराध कबूल करू नये, पण भूतकाळ मात्र सर्वांनी स्वीकारावा. व्हाइत्सेकर यांचे वडील नात्सी परराष्ट्र खात्यात मोठे अधिकारी होते. न्यूरेंबर्गला त्यांच्यावर खटला चालला तेव्हा कायद्याचा विद्यार्थी असलेला हा मुलगा बचावाच्या वकिलांना मदत करत होता. एकाकडे कुठलाच दोष नव्हता आणि तो गुडघ्यांवर बसला. दुसऱ्याने बापाचा बचाव केला होता आणि तरी देशाच्या वतीने देणे मान्य केले. दोघांनीही अपराध आणि देणे वेगळे ओळखले, म्हणून त्यांना हे करता आले.

यावरून जर्मनी हा वर्गातला आदर्श विद्यार्थी आहे असे मला म्हणायचे नाही. नामिबियात 1904 ते 1908 या काळात जर्मन वसाहती सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्याबद्दल 2021 मध्ये जर्मनीने तीस वर्षांत एकशे दहा कोटी युरो देऊ केले, पण 'नुकसानभरपाई' हा शब्द कटाक्षाने टाळला, कारण त्या शब्दासोबत कायदेशीर दायित्व आले असते. हेरेरो आणि नामांच्या अनेक प्रतिनिधींनी ते नाकारले. पैसे द्यायचे पण देणे म्हणायचे नाही; मग ते दान होते. आणि जिथे देणे मान्य केले आहे, तिथेही एक शब्द वारंवार डोके वर काढतो: 'श्लुसश्ट्रिख'. बिलाच्या शेवटी, बेरजेखाली ओढतात ती रेघ. पुरे झाले, आता रेघ ओढा, ही मागणी पहिल्या दिवसापासून आहे. खातेवहीच्या भाषेचा हा धोकाच आहे. कर्ज म्हटले की फिटण्याची आशा आली, आणि फिटले की सावकाराचे तोंड पाहायला नको.

आता मराठीकडे येतो, कारण अनुवाद तिथेच करायचा आहे. आपल्याकडे ऋण हा शब्द मोठ्या मानाचा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन माणूस जन्मतो, हे वैदिक काळापासून सांगितले गेले. मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ऋणनिर्देश असतो, आणि त्याच्या शेवटी लेखक हमखास सांगतो की या सर्वांच्या ऋणात राहणेच मला आवडेल. जर्मन कानाला हे वाक्य विचित्र वाटेल. 'शुल्ड'मध्ये राहणे कोणाला आवडेल? आपल्याला आवडते, कारण आपले ऋण नेहमी वरच्या दिशेने असते: देव, गुरू, आईबाप, थोर ग्रंथकार. ज्यांच्याकडून मिळाले असे सांगण्यात भूषण आहे, त्यांचेच आपण ऋणी असतो. ज्यांच्याकडून घेतले गेले, त्यांचा ऋणनिर्देश मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलाच नाही असे नव्हे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य, हे तत्त्व मिताक्षरा परंपरेत इतके पक्के होते की इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही ते चालवले, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपर्यंत ते कायद्यात टिकून होते. पण त्याला एक अपवाद होता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की बापाने दारू, वासना आणि जुगार यांपायी केलेले कर्ज, आणि त्याचा भरायचा राहिलेला दंड, मुलाने देऊ नये. यात शहाणपण आहे: शिक्षा वारशाने उतरत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. कर्ज सभ्य कारणासाठी असेल तर मुलाचे. अनीतीचे असेल तर कोणाचेच नाही. यास्पर्स यांच्या विद्यार्थ्यांपुढे नेमके हे दुसऱ्या प्रकारचे कर्ज होते.

इतर भारतीय भाषांचे वाचक इथे आपापले शब्द आठवतील. तमिळमध्ये 'कडन' म्हणजे कर्जही आणि कर्तव्यही. संस्कृतात 'दाय' म्हणजे वारसा, जीमूतवाहनाचा 'दायभाग' त्यावरचाच. आणि बंगालीत 'दाय' म्हणजे भार, जबाबदारी, तर 'दायी' म्हणजे जबाबदार, प्रसंगी दोषी. इंग्रजीतले 'ऑट' हे 'ओ', म्हणजे देणे असणे, याचेच जुने भूतकाळी रूप. कर्तव्य, कर्ज, वारसा आणि दोष यांची गुंतागुंत जर्मनांनी शोधून काढलेली नाही.

मराठीत नामे वेगवेगळी आहेत: पाप, दोष, गुन्हा, कर्ज, ऋण, देणे. पण क्रियापदे पाहिली तर ती एकत्र येतात. कर्ज फेडतात आणि पापही फेडतात. 'कुठे फेडशील हे पाप' हे वाक्य आजीच्या तोंडून ऐकलेले नाही असे मराठी घर विरळा. त्याहून महत्त्वाचे क्रियापद आहे 'लागणे'. चिखल लागतो, रंग लागतो, तसे पाप लागते, दोष लागतो. शंभर रुपये देणे लागतो. आणि अनोळखी माणसाविषयी आपण विचारतो, तो तुझा कोण लागतो? चिकटणे, दोष, कर्ज आणि नाते, चारही या एका साध्या क्रियापदात आहेत. यास्पर्स यांच्या 'हाफ्टेन'ला याहून जवळचा शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही.

आणि मराठी व्याकरण एक भेदही करते, जो जर्मन नामात नाही. पाप मला लागते. देणे मी लागतो. पहिल्या वाक्यात पाप कर्ता आहे, मी नुसता ते जिथे येऊन बसते ती जागा. दुसऱ्या वाक्यात मी कर्ता आहे. पाप अंगावर येते, देणे मी पत्करतो. 'आम्ही काय केले?' हा प्रश्न पहिल्या वाक्याचा आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' असेच असेल. दुसऱ्या वाक्याला तो प्रश्न लागूच पडत नाही. तिथे विचारायचे ते हे, की ज्यांनी केले त्यांचा तू कोण लागतोस, आणि त्यांच्याकडून तुला काय मिळाले?

हा प्रश्न मराठीत विचारला की तो जर्मनीत राहत नाही. जातीविषयी बोलणे निघाले की आपल्या बैठकीत दोन वाक्ये येतात. एक, 'तुम्ही सगळे सवर्ण अपराधी आहात'. दुसरे, 'आम्ही जात मानत नाही, आम्ही कोणाचे काही केलेले नाही'. 1945 च्या हायडेलबर्गमध्ये अडलेला संवाद हाच होता. छळछावणी आणि जातिव्यवस्था या एकच गोष्ट नव्हेत; एक बारा वर्षांच्या राजवटीतली, दुसरी शतकानुशतकांच्या सवयीतली, आणि अजून चालू असलेली. पण वारसाचा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. तळ्याला काय लागले, याची चिंता झाली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या ते पाणी अडवले ते काय देणे लागतात, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही. आजही तो पडतो असे म्हणवत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, ज्या मराठीत मी हे लिहितो आहे तीच माझी मिळकत आहे. तिच्यातले संस्कृत शब्द मला शोधावे लागत नाहीत. घरात पुस्तके होती, वाचणारी माणसे होती, आणि शाळेत कोणी मला वेगळे बसवले नाही. यातले काहीही मी चोरलेले नाही. पण ते जमा कसे झाले, आणि ते जमा होत असताना कोणाला वर्गाच्या दाराबाहेर ठेवले गेले, हे मला माहीत आहे. ज्या भाषेने मला यास्पर्स वाचायला तयार केले, त्याच भाषेत माणसाची सावली टाळण्याचे शब्दही आहेत. वायमारकरांसारखे टेकडीला दुसरे नाव देऊन मला फक्त ज्ञानेश्वर आणि तुकाराम घेता येणार नाहीत. अपराधाची भावना इथे फारशी कामाची नाही. ती मला माझ्याविषयीच बोलायला लावते, आणि ज्याचे देणे आहे तो ताटकळत राहतो. देण्याचे तसे नाही. ते समोरच्या माणसाकडे बघायला लावते: त्याचे काय गेले, आज काय देता येईल, आणि रक्कम कोण ठरवणार? आरक्षणाला 'सवलत' म्हणायचे की देणे, जुन्या पाणवठ्यांच्या आणि जमिनींच्या नोंदी उघडायच्या की नाहीत, कोणाची पुस्तके कोणत्या भाषेत न्यायची, हे सगळे मग शब्दांचेच प्रश्न उरत नाहीत.

'आपण समाजाचे देणे लागतो' हे वाक्य मराठीत इतके वापरले गेले आहे की देणगीच्या पावतीवरही ते छापलेले असते. तिथे त्याचा अर्थ असतो, मी देतो आहे, मी मोठा आहे. अनुवादात मी ते त्याच्या मूळ, हिशेबी अर्थाने परत घ्यायचे ठरवले आहे. यास्पर्स यांच्या चार प्रकारांसाठी चार शब्द: गुन्हा, देणे, दोष, पाप. दुसऱ्या शब्दापुढे क्रियापद 'लागणे', आणि कर्ता प्रथमेत. शीर्षकात चारही मावतील असा शब्द मराठीत नाही, तिथे 'शुल्ड' तशीच ठेवणार आहे. वाचक थोडा अडेल. पण पुढच्या पानांत 'मी देणे लागतो' हे वाक्य आले की त्याला सत्कार समारंभ आठवू नये, वाण्याची वही आठवावी, एवढी माझी इच्छा आहे. त्या वहीत बापाच्या नावावरचे पान मुलाच्या नावावर चढते, तेव्हा वाणी मुलाला चोर म्हणत नाही. तो फक्त पान उघडून समोर ठेवतो.